पदराखाली भाकर होती

भाकर थापायला मी सत्तरी उलटल्यावर शिकलो. शिकलो म्हणजे पीठ वाया घालवायला शिकलो. घरची गेली मागच्या पेरणीच्या आधी. सून वेळेवर वाढते, तिचा काही दोष नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी स्वतः चूल पेटवतो आणि जवारीची एक भाकर टाकतो. काठ फाटतो, मध्ये भोक पडतं, तव्यात टाकताना निम्मी बाहेर लोंबते. सून हसते.

"मामा, कामून हा खटाटोप करायलाव? मी देत न्हाई का करून?"

तिला मी काही सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. आता लिहितो. माझी शाळा चार वर्षांची, ती पण निम्मी उर्दूत गेली. मराठी अक्षरं आमच्या मास्तरांनी देवळाच्या ओट्यावर शिकवली. तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. लिहिण्यातलं म्हणतोय मी. बाकीचं सांभाळून घेऊ नये.

आमचं गाव बीदरकडच्या कोहिनूर गावाच्या पलीकडं, माळाला लागून. मी दगड फोडायचो. गावाच्या खालच्या अंगाला आमची ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरं आणि मध्ये आमचं देऊळ. चार भिंती, वर कौलं, क्रूस लाकडाचा. त्या भिंतींचे दगड मी काढलेले, रचलेले पण मी. येईल जाईल त्याला मी हे सांगायचो. "देवाच्या गौरवासाठी केलं," असं पण वर म्हणायचो. आता वाटतं, माझा रोग तिथंच सुरू झाला. गौरव देवाचं म्हणायचं आणि मान वर करून आपण उभं राहायचं.

घरची तसली नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं. आमच्यात मुठीची चाल होती. दर घरातली बाई दळायला बसली की पहिली एक मूठ जवारी बाजूला काढायची. ज्या घरात दुसऱ्या दिवसाचं दळण नसायचं त्या घरातली बाई पण काढायची, मग मूठ जरा लहान असायची इतकंच. शनिवारी सगळ्या बायका आपापल्या मुठी आणून आमच्या घरच्या मोठ्या मडक्यात ओतायच्या. त्या मडक्यावर मास्तरांचं पोट चालायचं. मास्तर म्हणजे आमचे प्रचारक, पोरांना शिकवायचे पण तेच. आणि त्याच मडक्यातल्या दोन ओंजळी दळून घरची प्रभुभोजनाची भाकर करायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रभू धरला जायच्या आधी त्यानं आपल्या माणसांना भाकर मोडून दिली, त्याची आठवण म्हणून आम्ही महिन्यातून एकदा एक भाकर मोडून सगळे मिळून खातो. सोबत घोटभर मनुकांचं पाणी. एवढंच असतं. पण आमच्यासाठी त्याहून मोठं काही नाही.

ती भाकर करायची तिची तऱ्हा वेगळी. सकाळी अंघोळ करून बसायची. मीठ नाही, घाई नाही, कुणाशी बोलणं नाही. पिठात हात घालताना एवढंच म्हणायची, "तुझं तुला." रोज मूठ काढताना पण हेच. मी एकदा विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "शिकवायला काय लागतंय? ज्याचं त्याला देताना काय म्हनत्यात?"

गडबडीच्या साली, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अॅक्शनच्या आगेमागे, गावात राहायची सोय नव्हती. आज हे येणार, उद्या ते येणार. आम्ही अकरा माणसं आठ दिवस ओढ्याच्या घळीत बसून होतो. निघताना कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी गोधड्या. हिनं ते मुठीचं मडकं डोक्यावर घेतलं. मी ओरडलो, "अगं, दुसरं काय दिसलं न्हाई का तुला?" ती पुढं चालायला लागली. रविवारी तिनं त्यातली जवारी दोन दगडांत चेचली, चपट्या दगडावर भाकर भाजली. मास्तरांना प्रभुभोजन द्यायचा अधिकार नव्हता. तो पाद्र्यांचा. पण त्या दिवशी त्यांनी ती भाकर हातात घेतली, रडले आणि मोडली. आमच्या प्रत्येकाला आला तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. अर्धी करपलेली, अर्धी कच्ची. तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही. देव एवढा मोठा म्हणतात, त्या घळीत तो पेराएवढा होऊन माझ्या जिभेवर बसला होता. हे मला त्या वेळी कळलं होतं. पुढं पाच-सहा वर्षांत मी ते विसरलो.

विसरलो ते असं. आमचा मुलूख म्हैसूर राज्यात जायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मास्तरांनी सांगितलं, सगळ्या भागाचे मोठे पाद्री येणार, प्रभुभोजन तेच देणार. मी तेव्हा आमच्या देवळाच्या मंडळीचा पंच. माझ्या अंगात वारं शिरलं. देवळाला चुना दिला. गावच्या पाटलांना जाऊन बोलावणं केलं. पाटील लिंगायत, मनानं चांगला माणूस. "येतो की अण्णा," म्हणाले, "दारात उभा राहून बघतो तुमचा सोहळा."

मग माझ्या डोक्यात आलं, पाटील बघणार. देवाच्या ताटात जवारीची भाकर बघणार. म्हणतील, ह्या लोकांच्या देवाला बी जवारीच. मी एकदा बीदरच्या मोठ्या देवळात गेलो होतो, तिथं चांदीच्या ताटात पांढऱ्या डबलरोटीचे तुकडे बघितले होते, एकसारखे कापलेले. ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

घरचीला म्हटलं, "ह्या बारीला भाकर नगं. मी बीदरहून डबलरोटी आणायलोय."

ती चुलीपुढं होती. म्हणाली, "कामून? भाकरीला काय झालं?"

"देवाच्या गौरवाला शोभंल असं पायजे."

"इतके दिस शोभत न्हवतं व्हय?"

"तुला कळत न्हाई त्यातलं."

"व्हय," म्हणाली, "मला कुठलं कळतंय." आणि मग जरा थांबून, "चाललाव तर घासलेट आना. दिव्यात थेंब न्हाई."

शुक्रवारी गेलो. सडकेपर्यंत चालत, पुढं मोटार. बीदरच्या बाजारात बेकरीवाला म्हातारा होता. मी रोटीकडं बोट दाखवल्यावर म्हणाला, "कितनी होना?" एक म्हटलं. "कब खाना?" परवा म्हटलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "परसों? अरे भई, ताजी ले जाव, आज की आज खाव. परसों का क्या धरे इसमें?" मी म्हटलं, तुम्ही द्या. दगड फोडणाऱ्याला दोन दिवसांनी काय होतं ते माहीत नसतं. दगड दोन दिवसांनी पण दगडच.

त्यानं कागदात गुंडाळून दिली. मग घासलेट घेतलं. बाटलीला चिंधीचं बूच. थैली एकच. मोटारीत खाली पाय ठेवायला जागा नव्हती, थैली मांडीवर धरून देवाचं ओझं नेतोय अशा थाटात बसलो. सडक सगळी खड्ड्यांची.

घरी आल्यावर तिनं थैली उघडली आणि नाक मुरडलं.

"अवं, ह्याला घासलेटाचा वास यायलाय."

"बाटली हाय ना त्यात."

"बाटलीचा न्हाई. ह्या रोटीला."

आता हसू येतं, पण हसवत नाही. मी तिला म्हणालो, "तुला डबलरोटीचा वास ठावं हाय का? जन्मात कधी खाल्लीस? असाच असतोय शहरातल्या रोटीचा वास."

तिनं खरंच कधी खाल्ली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मी पण नव्हती खाल्ली. असाच असेल असं मला मनापासून वाटलं. शहरातल्या बऱ्याच वस्तूंना घासलेटाचा वास असायचाच की.

रविवार उजाडला. मी धुतलेलं धोतर नेसून देवळात गडबड करत होतो. घरी ती काय करत होती ते मी बघितलं नाही. देऊळ भरलं. बायका एका बाजूला खाली बसलेल्या, पहिल्या ओळीत घरची. तिच्या शेजारी खालच्या आळीतली नवी नवरी, पंधरा-सोळा वर्षांची, हिच्या पदराला धरून बसलेली, कारण तिला सगळंच नवीन. दारात पाटील आणि त्यांचे दोघं-तिघं. मोठे पाद्री उंच, केस पांढरे, बोलणं हळू. मी ताट धरून त्यांच्या बाजूला उभा. ताटात रोटी, वर पांढरं फडकं.

प्रार्थना झाली. त्यांनी फडकं उचललं आणि हात तसाच राहिला. वास माझ्या पण नाकात आला. बंद देवळात तो दुप्पट झाला होता. त्यांनी खाली वाकून माझ्या कानाशी, कुणाला कळू नये असं विचारलं, "दुसरी भाकर आहे का? तुमच्या इथं जवारीची करतात असं मास्तर सांगत होते."

मी समोर बघितलं. घरची पहिल्याच ओळीत, तिला ऐकू गेलं होतं. ती उठायला लागली होती. एक गुडघा वर, एक खाली. पदर जरा सरकला आणि आत मला ते जुनं फडकं दिसलं, भाकर गुंडाळायचं. तिनं केली होती. मी नको म्हटलं तरी अंघोळ करून, मुकी राहून, मुठीच्या पिठाची केली होती आणि लागलीच तर असावी म्हणून पदराखाली घेऊन बसली होती.

माझी नजर तिथनं दाराकडं गेली. पाटील बघत होते.

मी म्हणालो, "न्हाई साहेब. दुसरी न्हाई."

हळू म्हणालो नाही. मोठ्यानं म्हणालो. तिला ऐकू जावं म्हणून.

ती खाली बसली. पदर नीट केला.

मोठ्या पाद्र्यांनी डोळे मिटले, रोटी मोडली. वाळलेली होती, चुरा झाला. एकेक जण पुढं आला, गुडघे टेकून चुरा तळहातावर घेतला, गिळला. एकानं पण तोंड वाकडं केलं नाही. गरिबाला देवाच्या घरात तोंड वाकडं करायची सवय नसते. बायकांची पाळी आली. पहिल्या ओळीतली घरची उठली नाही. ती उठली नाही म्हणून नवी नवरी उठली नाही. मग ती ओळच उठली नाही. मागच्या बायका आल्या, पण पहिली ओळ बसून राहिली, माना खाली घालून. मोठ्या पाद्र्यांनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, जमीन दुभंगावी. लाज मला माझ्या खोट्याची नव्हती वाटत, ती चार माणसांत नवऱ्याला खाली बघायला लावते, ह्याची वाटत होती.

बाहेर पाटील हसून म्हणाले, "काय अण्णा, तुमच्या प्रसादाला घासलेटाचा वास यायलाय की! देवाला दिवा लावायला बोलवलं व्हतं का जेवायला?" त्यांच्याबरोबरचे हसले. पाटील पुढं म्हणाले, "तुमच्या घरच्या भाकरीचा वास तर लांबूनच वळखू येतो. ती असती तर आमच्या तोंडाला बी पाणी सुटलं असतं." ज्याच्यासाठी मी हे केलं, त्यानंच हे म्हणावं.

मोठ्या पाद्र्यांना सडकेपर्यंत पोचवून मी संध्याकाळी घरी आलो. उन्हं अजून भिंतीवर होती. ती चुलीपुढं बसलेली. मी चढ्या आवाजात सुरू केलं. "आज माझं नाक कापलंस. देवाच्या मेजाकडं पाठ केलीस."

"पाठ न्हाई केली," ती म्हणाली. "माझा हात तुमाला नगं व्हता, मी काढून घेतला."

"भाकर कशाला केलीस, सांगितलं असताना?"

"भाकरीची लाज वाटती तर रोज कशाला खाताव?"

जेवायला बसलो. तिनं जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली पुढं ठेवली. ताटलीत गरम भाकर, वरण, मिरची. आणि कडेला, भाकरीपासून वेगळा ठेवलेला, एक छोटा गार तुकडा. पेराएवढा.

मी म्हणालो, "शिळं तुकडं घालतीस व्हय मला?" आणि तो उचलून दारात बसलेल्या कुत्र्याला टाकला.

ती ताटलीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

त्या दिवसानंतर तिनं प्रभुभोजनाची भाकर केली नाही. मास्तरांनी येऊन विनवलं. म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या मास्तर, आता माझी चांगली व्हत न्हाई." मुठीचं मडकं तिनं दुसऱ्या घरी पोचवलं. स्वतःची मूठ मात्र तिनं एक दिवस चुकवली नाही. पुढच्या महिन्यापासून मेजाशी यायला लागली, पण सगळ्यांच्या शेवटी, सगळं संपत आल्यावर. माझ्यासाठी रोज भाकरी केल्या, चाळीस वर्षांहून जास्त. एक दिवस कमी मीठ नाही, एक दिवस टोमणा नाही. मला वाटलं, विसरली. मला पाहिजे होतं म्हणून वाटलं.

माफी मागावी असं मला पुष्कळदा वाटलं. पण दगड फोडणाऱ्याचं एक असतं, दगड कुठं फुटेल ती रेघ दिसल्याशिवाय घाव घालत नाही. मी रेघ बघत बसलो. मुलांची लग्नं झाली, मास्तर गेले, पाटील गेले. ती आजारी पडली तेव्हा एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून म्हणालो, "अगं, त्या दिशी ती भाकर... मी न्हाई म्हनलो..."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कंची भाकर?"

खरंच आठवत नव्हतं, का मला त्यातनं सोडवत होती, का सोडवायचं नव्हतं म्हणून दार लावून घेतलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. चार दिवसांनी ती गेली.

म्हणून मी भाकर टाकतो. फडक्यात गुंडाळतो, अंगातल्या बंडीत धरून देवळात नेतो. आता देवळात शहरातनं डब्यात आलेल्या पातळ पांढऱ्या चकत्या असतात. पाद्री पोरगा चांगला आहे, मागितलं तर नाही म्हणणार नाही. पण तीन महिने नेली आणि तीन महिने तशीच परत आणली. हात बंडीतनं बाहेर येत नव्हता. तेव्हा कळलं, पदराखाली भाकर धरून बसणं काय असतं.

ह्या महिन्यात साक्षीची वेळ आली. ज्याला देवानं काय केलं ते सांगायचं त्यानं उठून सांगायचं, अशी आमच्यात रीत आहे. मी उठलो. म्हणालो, "देवानं काय केलं ते दुसरे सांगतील. मी काय केलं ते मी सांगतो." आणि सगळं सांगितलं. डबलरोटी, घासलेट, पाटील. म्हणालो, त्या दिशी दुसरी भाकर व्हती, मी न्हाई म्हनलो. देवाचं गौरव म्हनत व्हतो आणि माझं बघत व्हतो. तरुण पोरांना घासलेटाचं हसू आलं, आणि मग नाही आलं. पाद्र्यानं माझ्या हातातली ती फाटकी भाकर घेतली आणि चकत्यांच्या शेजारी ठेवली.

सगळं झाल्यावर मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. एक म्हातारी काठी टेकत आली. तीच, त्या दिवशीची नवी नवरी. आता तिच्या नाती नांदायला गेल्यात.

"अण्णा," म्हणाली, "वास आमाला सगळ्यांस्नी ठावं व्हता. त्यात काय सांगायचं."

मी म्हणालो, "भाकर ठावं न्हवती ना पर."

"ठावं न्हवती? आमीच खाल्ली की."

मी वर बघितलं.

"देवळामागं," ती म्हणाली. "तुमी पाद्रीसाहेबाला पोचवायला गेलाव तवा. अक्कानं आमा पहिल्या ओळीतल्या बायांस्नी बोलावलं. 'तुझं तुला,' म्हनली आन् मोडली. आमी उभ्या उभ्याच खाल्ली. रडलो बी, हसलो बी त्या रोटीला. लई गोड लागली बगा." मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, "एक तुकडा फडक्यात बांधून ठिवला तिनं. मी म्हनलं, अक्का, ह्यो कुनाचा? म्हनली, आमच्या घरचे उपाशी ऱ्हायले, त्यांना न्हेते. दिला असंल की तुमाला?"

मी म्हणालो, "दिला."

खोटं नाही बोललो. दिला होता. ताटलीच्या कडेला, वेगळा करून.

ती म्हातारी निघून गेली. ज्या भिंतीला टेकलो होतो ती माझ्या हातची. त्या कुत्र्याचा रंग मला अजून आठवतो, तांबडा होता, एक कान फाटलेला. त्यानं तुकडा हवेतच धरला. तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते आठवत नाही. मी बघितलाच नव्हता.